हिरव्या दोऱ्याचं वर्ष

ताई मंगळवारी गेली. शाळेत तास चालू असताना ती वर्गाबाहेर आली, शिपायाकडे पाणी मागितलं आणि बाकावर बसली. मुख्याध्यापक तिला त्यांच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. मला फोन आला तेव्हा मी वाचनालयात पुस्तकांवर क्रमांक घालत होते. मी रिक्षाने गेले. मी पोहोचले तेव्हा ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाईक चहा घेत होते तेव्हा मी तिच्या खोलीत गेले. खिडकीजवळच्या पलंगावर अकरा जर्सी घड्या करून एकावर एक ठेवलेल्या होत्या. बारावी खुर्चीच्या पाठीवर उलटी टाकलेली होती. डाव्या बगलेखाली फाटलेली, आणि ते फाटलेलं निम्मं शिवून झालेलं. हिरवा दोरा ओवलेली सुई कापडातच खोचलेली होती. शिवण अर्धवट सोडून उठायची वेळ आली की ताई सुई नेहमी अशीच खोचून ठेवायची. परत आल्यावर शोधावी लागू नये म्हणून.

मी सुईला हात लावला नाही. दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसले.

आम्ही दोघी दहिवलीला राहायचो. वडील शिक्षक होते, त्यांनी बांधलेलं तीन खोल्यांचं घर. ताईचं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही. ती शाळेत खेळाची बाई, मी वाचनालयात. मला आवाज सहन होत नाही आणि तिला गळ्यात शिट्टी नसेल तर चुकल्यासारखं व्हायचं. तरी एका घरात आमची वीस वर्षं बरी गेली.

रग्बी आमच्या घरात आली त्याला सहा वर्षं झाली. तोवर ती खो-खो आणि कबड्डी शिकवायची. शाळेने तिला कुठल्याशा शिबिराला आठ दिवस पाठवलं आणि ती परत आली ती एक लांबुळका चेंडू घेऊन. जेवायला बसलो होतो तिथे तिने तो टेबलावर ठेवला. तो भलतीकडेच वळला आणि आमटीच्या पातेल्याला धडकला.

"हा असा का?" मी विचारलं.

"असाच असतो. कुठे उडेल ते सांगता येत नाही."

"या वयात?"

"चेंडूला काय वय असतं?" ती म्हणाली आणि भाकरी मोडली.

शाळेचं पटांगण लहान, त्यात मधोमध झेंड्याचा कट्टा. पोरींना एकमेकींच्या अंगावर धावून जायला जागा पाहिजे होती. ताईने कशेळ्याच्या रस्त्याला एक शेत शोधून काढलं. भात कापून झालं की ते शेत मोकळं. शेताच्या मालकांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांच्या अटी दोनच होत्या. बांध मोडायचा नाही आणि राब लावायची वेळ आली की शेत सोडायचं. पावसाळ्याआधी भाताचं रोप जिथे करायचं तेवढी जागा पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून भाजून काढतात, तो राब. त्यामुळे आमच्या संघाचा हंगाम दिवाळीनंतर भाताची खुंटं उपटण्यापासून सुरू व्हायचा आणि शिमगा झाल्यावर दादा "बाई, आता राबाचं बघाया हवं" म्हणाले की संपायचा. बाहेरच्या स्पर्धांच्या तारखा काहीही असोत, आमचा हंगाम दादांच्या हातात होता.

सुरुवातीला दादा बांधावर उभे राहून नुसते बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"बाई, ह्यो कसला ख्योळ हाय? जायचं पुढं आन् चेंडू टाकायचा मागं?"

"तसंच आहे दादा. पुढे असेल तिला द्यायचाच नाही. मागून येणारीला द्यायचा."

"मंग त्या म्होरलीनं काय करायचं?"

"तिने आडवं पडायचं."

दादांनी दुसऱ्या दिवशी न सांगता चार भारे पेंढा आणून टाकला. पोरी टॅकल, म्हणजे चेंडूवालीला धरून पाडणं, शिकल्या ते त्या पेंढ्यावर. घरी आल्यावर ताईच्या केसांतून पेंढ्याच्या काड्या निघायच्या.

संघात शाळेच्या मुली होत्या, शाळा सोडून कॉलेजला गेलेल्या होत्या आणि एकीचं तर लग्न झालेलं होतं. तिची सासू नातीला कडेवर घेऊन सरावाला यायची, सुनेवर लक्ष ठेवायला. पहिल्या दिवशी सून आडवी पडलेली बघून "अगं बाय, मेली का काय?" म्हणून ती शेतात धावत गेली होती. महिन्याभराने तीच बांधावरून ओरडायची, "पाय धर तिचे, पाय! कंबर काय धरतेस, फुगडी घालायची हाय?"

मी सहा वर्षांत दोनच सामने पाहिले. एक कर्जतला आणि एक खालापूरला. दोन्ही वेळा पोरी एकमेकींवर आदळल्या की मी मान फिरवायचे. ताई म्हणायची, "तू सामना बघायला येत नाहीस, उलट्या दिशेची झाडं बघायला येतेस." हे खरं होतं. मी हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याची मला लाज वाटली.

पहिल्या वर्षीच्या जर्सी तिने कर्जतच्या बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतल्या. निळं कापड, शाळेच्या गणवेशाचं. त्याला ताण सोसत नाही हे तिच्याही लक्षात आलं नाही, शिंप्याच्याही नाही. पहिल्याच सामन्यात सात जर्सी फाटल्या. ती रविवारी त्या शिवायला बसली तर घरात निळा दोरा नव्हता. माझ्या साडीच्या फॉलसाठी आणलेलं पिवळं रीळ होतं, तेच तिने घेतलं.

"ताई, लांबून दिसतंय ते."

"दिसू दे की."

"निळा दोरा आणते ना मी उद्या."

"नको. आता पिवळाच."

त्या वर्षी संघ एकही सामना जिंकला नाही. हंगाम संपला, दादा राबाचं म्हणाले. शेवटच्या संध्याकाळी सगळ्या पेंढ्यावर बसल्या होत्या. बक्षिसं द्यायला काहीच नव्हतं आणि कोणाचं कौतुक करावं असे गुणही फळ्यावर लागलेले नव्हते. मी सरबताची किटली घेऊन गेले होते म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. ताईने पिशवीतून एक जर्सी काढली, दोन्ही हातांनी समोर धरली, वर्तमानपत्र धरतात तशी, आणि वाचायला लागली.

"सहा नंबर. उजवा खांदा. तीन जणी लोंबकळल्या होत्या हिला. खांदा गेला, चेंडू नाही गेला." तिने बोट सरकवलं. "आता ही कॉलर. ही सामन्यात फाटलेली नाही. ही आपल्याच चार नंबरने फाडलीय, सरावात, आदल्या दिवसाचं भांडण काढायला."

"बाई, मी सॉरी म्हटलं होतं!" चार नंबर ओरडली.

"म्हटलं होतंस. टाका तरी मलाच घालावा लागला."

सगळ्या हसल्या. सहा नंबरने पुढे येऊन जर्सी घेतली आणि अंगातल्या ड्रेसवरच चढवली. मग पुढची. अशा बाराही जणींच्या जर्सी ताईने वाचल्या. कुठला टाका कुठल्या दिवसाचा, कोणी ओढलं, कोण पडलं, कोण उठून परत धावलं. तिच्याजवळ एकही कागद नव्हता.

तेव्हापासून हीच आमची रीत झाली. हंगाम संपायच्या आधी मुली जर्सी धुऊन ताईकडे द्यायच्या, ताई त्या शिवायची आणि शेवटच्या दिवशी वाचायची. संघात राहणाऱ्या मुली त्या संध्याकाळपुरती अंगात घालून परत करायच्या. सोडून जाणारी मात्र आपली जर्सी घेऊन जायची. पुढे चांगलं ताणाचं कापड मिळालं तरी फाटायचं ते फाटायचंच. दर वर्षी दोऱ्याचा रंग वेगळा. पिवळ्यानंतर पांढरा, मग लाल, मग केशरी, मग जांभळा. जुन्या मुलींच्या जर्सीवर वर्षं ओळखू यायची. एकदा खालापूरच्या सामन्यात समोरच्या संघाच्या मुलीने विचारलं होतं, "तुमच्याकडं गोधड्या शिवतात का?" आमच्यातली एक म्हणाली, "हां, आन् झोपवतो पण."

लाल दोऱ्याच्या वर्षाबद्दल सांगायला हवं.

त्या वर्षी बारा नंबरची जर्सी घालणारी मुलगी दहावीत होती. कशेळ्याच्या पलीकडच्या वस्तीवरून जीपने यायची, पुष्कळदा मागच्या पायरीवर उभी राहून. फार बोलत नसे. मला ती आवडायची, कारण घरी आली की पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभी राहायची आणि हात मागे बांधून नावं वाचायची. खेळात ती राखीव होती. रग्बीचा आमचा संघ सात जणींचा, बाकीच्या पाच बांधावर. त्यातही ती शेवटची.

हंगामाच्या शेवटी जर्सी आल्या. ताई संध्याकाळी एकेक उलटी करून बघत होती. बारा नंबरची आली तेव्हा ती थांबली आणि ती खिडकीच्या उजेडात धरली. पोटाजवळ वीतभर फाटलेलं होतं.

"ये इकडे," ताई म्हणाली. "काय दिसतंय?"

"फाटलीय."

"ओढून फाटलं की कापड ताणतं, कडेचे धागे निघतात. ही कड बघ. सरळ. ही कात्रीने कापलीय."

मला समजायला एक क्षण लागला. फाटलं नाही तर वाचायला काही नाही. शेवटच्या दिवशी बाई आपली जर्सी हातात घेतील आणि गप्प राहतील, असं त्या पोरीला वाटलं असणार.

"बोलावून घे तिला एकटीला," मी म्हणाले. "नाहीतर सवय लागेल."

ताईने लाल दोरा ओवला आणि ती चीर शिवली, इतरांच्या शिवते तितक्याच बारीक टाक्यांनी.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेले. बारा नंबरची पाळी आली. ताईने जर्सी हातात धरली. ती मुलगी पेंढ्यावर खाली मान घालून बसलेली होती, एक काडी दुमडत.

"बारा नंबर," ताई म्हणाली. "पोटावर एक. हे सामन्यातलं नाही. हे माझ्यामुळे फाटलंय. सबंध हंगामात मी हिला अकरा मिनिटं खेळवलं. अकरा. चूक माझी आहे."

कोणी हसलं नाही. मला वाटतं कोणाला नीट कळलंही नाही. त्या मुलीला कळलं. तिने येऊन जर्सी घेतली, घातली आणि जागेवर जाऊन बसली.

पुढच्या वर्षी ती आली नाही. अकरावीला मामाकडे नेरळला गेली असं कळलं. ती जर्सी संघाकडेच राहिली. ताईने ती दुसऱ्या कोणाला दिली नाही, कपाटात ठेवली. अकरा जर्सी आणि एक उसना टीशर्ट असा संघ दोन वर्षं खेळला. मी एकदा म्हणाले, "आता ती येत नाही ताई. दे कोणाला तरी." ती म्हणाली, "जर्सी काय भाकरी मागतेय का तुझ्याकडे? राहू दे."

या वर्षी दिवाळीनंतर ती परत आली. बारावी झालेली, पनवेलला नर्सिंगला जायचं ठरलेलं, जूनपर्यंत मोकळी. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, येऊ का?" ताई म्हणाली, "उशीर केलास. दोन वर्षं उशीर. जा, कपाटातून काढून घे." आणि या वर्षी तिला खेळवलं. किती ते मला सांगता येणार नाही, पण ताई जेवताना तिचं नाव घ्यायची.

हिरवा दोरा मीच आणला होता, ताईच्या सांगण्यावरून.

सोमवारी संध्याकाळी, म्हणजे ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, ताई शिवत बसली होती आणि मी शेजारी वाचत होते. शेवटची जर्सी बारा नंबरची होती. मी मान वर करून पाहिलं आणि बगलेखालची चीर दिसली. मला पोटावरचा लाल टाका आठवला.

"पुन्हा कात्री?" मी विचारलं.

ताई हसली. "तू वाच तुझं पुस्तक. शेवटच्या दिवशी ये म्हणजे कळेल."

मग कुकरची शिट्टी झाली, तिने सुई कापडात खोचली आणि उठली. जेवणानंतर ती शिवायला बसली नाही. थकल्यासारखं वाटतंय म्हणाली.

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा नंबर आली. चपला काढून उंबऱ्याशीच उभी राहिली. मी आत ये म्हटलं तरी आली नाही.

"मावशी, एक विचारू?"

"विचार की गं."

"माझी जर्सी बघितली होती का बाईंनी?"

"बघितली होती. अर्धी शिवली पण."

तिचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले आणि भरभर बोलायला लागली, एरवी शाळेत बोलायची ती भाषा सुटून. "मावशी, ह्या टायमाला मी नाय कापली. आईशप्पत नाय कापली. मला ठाऊकच नाय कुठं फाटली. धुवायला घेतली तवा बघितलं. बाईंना वाटलं आसंल का, हिनं परत कात्री लावली म्हनून?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'तू कापली नाहीस हे ताईला माहीत होतं,' असं एक वाक्य बोलायला काय लागतं. पण ती बाईंच्या हातची पोरगी होती, कापडाची कड बघून ओळखणाऱ्या बाईंच्या. मी म्हणाले, "ती काही बोलली नाही गं. शेवटच्या दिवशी कळेल म्हणाली."

"आता कसं कळनार?" ती म्हणाली. ते ओरडणं नव्हतं, ती खरंच विचारत होती.

ती गेल्यावर मी ताईची खोली उघडली. तिच्या वह्या चाळल्या. एकीत एसटीच्या वेळा, एकीत मुलींच्या घरचे फोन, कोणाला कुठल्या औषधाचं वावडं आहे ते. टाक्यांबद्दल एक ओळ नाही. मग ती जर्सी उजेडात नेली. ताईने जेवढं शिवलं होतं तेवढी कड आत गेलेली होती. उरलेल्या भागाचे धागे निघालेले होते, पण ते ताणून निघाले की धुण्यात निघाले हे मला कळेना. ताईला एका नजरेत कळलं असतं.

सुई तशीच होती. शेवटी मीच उरलेलं शिवायला घेतलं. माझे टाके लांबट आणि वाकडे पडतात. शिवताना बोटाला काही टोचलं. सुई नव्हती, कापडात मोडून राहिलेलं काट्याचं टोक होतं. शेतात खेळणाऱ्यांच्या कपड्यांत काटे-कुसळं असायचीच. मी ते काढलं, खिडकीबाहेर टाकलं आणि पुढे शिवत राहिले.

तेरावं झाल्यावर दादा घरी आले. ते कधी घरी आले नव्हते. पायरीवरच बसले, पाणी प्यायले.

"पोरी विचारीत व्हत्या, जर्सीचं कवा करायचं?"

"दादा, ते ताई करायची. मला त्यातलं काही येत नाही."

"मी राब लावला नाय आजून. समद्यांचं लावून झालं. माजा मुलगा रोज बोलतो, बा, कवा लावायचा. मी म्हनतो, बाईंचं हुं दे."

मी रविवार सांगितला.

मी तयारी केली ती माझ्या पद्धतीने. ताईबद्दल दोन पानं लिहिली, सुवाच्य अक्षरात. रविवारी संध्याकाळी जर्सींची पिशवी आणि सरबताची किटली घेऊन मी शेतावर गेले. आजूबाजूच्या शेतांतले राब भाजून काळे झालेले होते. दादांच्या शेतातच तेवढा पेंढा पसरलेला होता आणि त्यावर मुली ओळीने बसलेल्या होत्या. ती सासू नातीला मांडीवर घेऊन होती. दादा बांधावर.

मी उभी राहिले आणि वाचायला सुरुवात केली. माझं लिहिणं बरं होतं, असं मला अजून वाटतं. पण अर्ध्या पानावर मी मान वर केली तर बाराही जणी हात मांडीत ठेवून, भाषण ऐकतात तशा ऐकत होत्या. ताईसमोर त्या कधीच अशा बसल्या नव्हत्या.

चार नंबर म्हणाली, "मावशी, रागावू नका हां. तो कागद ठेवा. जर्सी घ्या हातात."

"मला माहीत नाही गं कुठला टाका कुठला."

"तुम्ही नुसतं दाखवा. आम्ही सांगतो."

मी पिशवीतून हाताला आली ती जर्सी काढली. "नऊ नंबर," मी म्हणाले. "डावी बाही. हिरवा."

"खोपोलीवाल्यांची ती उंच पोरगी!" दोन-तीन जणी एकदम ओरडल्या. "लटकली होती नुसती!"

"लटकली कुठं, मी ओढत नेली तिला," नऊ नंबर म्हणाली.

"ओढत काय नेली, पाय घसरला तुझा म्हणून पुढे गेलीस."

"माझ्या सुनंची दावा," सासू म्हणाली. "तिचं मी सांगनार. पाठीवरचं हाय ना? त्या दिशी मीच वरडले, फीर फीर म्हनून, तवा ती फिरली."

असं चालू झालं. मी फक्त नंबर आणि जागा सांगत होते. काहींबद्दल भांडणं झाली. एका टाक्यावर तिघींनी दावा सांगितला, की तो मी फाडला. ताईने सांगितलं असतं तितकं अचूक ते नसेल, पण त्या हसत होत्या, आणि अकरा जणींनी जर्सी चढवल्या.

मग बारावी राहिली. मी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण मला तिची भीती वाटत होती.

"बारा नंबर," मी म्हणाले. "डाव्या बगलेखाली."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. कुठल्या सामन्यातलं कोणाला आठवेना. चार नंबरने काहीतरी आठवल्यासारखं करून बघितलं आणि सोडून दिलं. बारा नंबर पुन्हा पेंढ्याची काडी दुमडत होती, तीन वर्षांपूर्वीसारखी.

"मला नाय म्हाईत," ती म्हणाली. "खरंच नाय."

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. "त्ये मला ठावं हाय."

सगळ्यांनी वळून बघितलं. दादा खाली उतरले आणि शेताच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे बांधाला लागून करवंदीची जाळी आहे.

"शिमग्याच्या आधी, चेंडू त्या जाळीत ग्येला. कोनी लाथ मारली व्हती नं काय. समद्या हुभ्या. तू जा, तू जा. आत काटं, जनावराचं भ्याव. आन् ही गप आली, खाली वाकली, शिरली आतमंदी. चेंडू काढला, दिला फेकून आन् ग्येली पळत आपल्या जाग्याव. मागं बघितलंबी न्हाय. तितं फाटली ती. टरकन आवाज आयकला मी."

"ते?" बारा नंबर म्हणाली. "ते तर नुसता चेंडू आणायला गेले होते मी. मला वाटलं ओरखडलंय."

"दादा," मी विचारलं, "ताईने पाहिलं होतं का हे?"

"मंग! बाई माज्या बाजूलाच हुभ्या व्हत्या, पानी पीत. मला बोलल्या, दादा, बघितलंत का? ह्ये मी शेवटच्या दिवशी सांगनार हाय. तवर तुमी कुनाला बोलायचं न्हाय." दादांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हनून मी बोललो नाय."

बारा नंबर उठली. माझ्याजवळ आली आणि जर्सी घेण्याआधी ती उलटी करून बघितली. बोट हिरव्या शिवणीवरून फिरवलं. निम्म्यावर बोट थांबलं.

"इथून तुम्ही शिवलंय मावशी?"

"हो. वाईट झालंय."

"हां, जरा वाकडं हाय," ती म्हणाली. ती हसत होती आणि रडत होती. तिने जर्सी ड्रेसवर चढवली. चार नंबरने मागून तिच्या कंबरेला मिठी घातली आणि दोघी पेंढ्यात पडल्या. सासू ओरडली, "पाय, पाय धरायचं, किती येळा सांगू!"

मी या वेळी मान फिरवली नाही.

मुली गेल्यावर दादांनी पेंढा एका कडेला ओढला. मी ते दोन कागद त्यांना राबात टाकायला दिले. त्यांनी विचारलं, "लिवलेलं हाय ना यावं?" मी म्हणाले, असू दे. दोन दिवसांनी त्यांनी राब लावला. दहिवलीतून धूर दिसतो का ते मी बघितलं, पण तितक्या लांबून दिसत नाही.

ताईच्या कपाटात आता अकरा जर्सी आहेत. बारावी पनवेलला आहे. सुई आणि हिरवं रीळ माझ्या टेबलावर आहे. रिळावर थोडा दोरा शिल्लक आहे.